बिनसाखरेची शीतपेये आणि आपले आरोग्य

(सोलापूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोलापूरचा उन्हाळा कसा असतो, हे सोलापुरात उभे राहून सांगण्याची आवश्यकता नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगातून घामाच्या धारा वाहतात. अशा वेळी कोणतीही थंड वस्तू अमृतासारखी वाटावी हे स्वाभाविक आहे. पूर्वी ही गरज माठातील पाणी, ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे आणि ज्वारीची आंबील यांनी भागत असे. पुढे गोटी सोडा आला, लेमन आले, बाटलीबंद कोला आला. आता या मालिकेत आणखी एका बाटलीची भर पडली आहे. तिच्यावर ‘साखर नाही’, ‘झिरो’, ‘डाएट’ असे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. एके काळी मोठ्या शहरांतील मोठ्या दुकानांपुरती मर्यादित असलेली ही बाटली आता लहान गावांच्या टपऱ्यांवरही दिसू लागली आहे. लग्नसमारंभात मधुमेही पाहुण्यांसाठी यजमान ती मुद्दाम आणवून ठेवतात. त्यामागील भावना चांगलीच असते.

परंतु ‘साखर नाही’ हे शब्द बाटलीत काय नाही, एवढेच सांगतात. बाटलीत काय आहे आणि ते कोणी, केव्हा प्यावे, हे ते सांगत नाहीत. हा फरक ध्यानात न घेतल्यास साध्या गैरसमजातून जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. म्हणून आज या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करू.

साखरेच्या जिल्ह्यातील प्रश्न

आपला जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रभागी आहे. त्याच वेळी मधुमेह हा आता केवळ शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक कार्यालयात असे रुग्ण आहेत, हे आपण पाहतोच.

अशा स्थितीत साखरेचे शीतपेय हे निश्चितच घातक आहे. सामान्य कोला पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारणपणे १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतून सात ते आठ चहाचे चमचे साखर पोटात जाते. दिवसभराच्या आहारात बाहेरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण प्रौढ माणसासाठीची मर्यादा आहे. एका बाटलीने त्यातील दुसरी मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा साखरेच्या बाटलीला पर्याय शोधावा, ही कल्पना चुकीची नाही. पर्याय म्हणून जे पुढे केले जाते ते कसे आहे, हा खरा प्रश्न आहे.

गोडीची कुळकथा

साखरेवाचून गोडी देणारे पदार्थ नवे नाहीत. सॅकरीन हा त्यांतील सर्वांत जुना पदार्थ. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७९ मध्ये फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला त्याचा योगायोगाने शोध लागला. पहिल्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा त्याचा प्रसार वाढला. १९६५ मध्ये अ‍ॅस्पार्टेम सापडले. ते साखरेच्या सुमारे २०० पट गोड असते. त्यामागून १९६७ मध्ये जर्मनीत अ‍ॅसिसल्फेम पोटॅशियम सापडले.

१९७६ मधील सुक्रालोजच्या शोधाची हकीकत आपल्याला विशेष वाटेल, कारण तिच्यातील एक नाव ओळखीच्या वळणाचे आहे. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्याबरोबर शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवून त्यापासून बनणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करीत होते. असा एक पदार्थ तपासण्यास त्यांना सांगण्यात आले. इंग्रजीत ‘तपासा’ आणि ‘चव घ्या’ यांसाठी असलेल्या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे. मराठीत तर आपण दोन्ही शब्द ‘टेस्ट’ असेच लिहितो. फडणिसांनी तो पदार्थ चाखून पाहिला आणि तो कमालीचा गोड असल्याचे आढळले. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते. म्हणजे ज्या साखरेला टाळण्यासाठी आपण ही बाटली घेतो, त्या साखरेच्याच रेणूत फेरफार करून तिच्यातील हा एक पदार्थ बनलेला असतो.

हे पदार्थ इतके गोड असल्यामुळे ते अत्यल्प प्रमाणात पुरतात आणि त्यांच्यापासून शरीराला उष्मांक जवळजवळ मिळत नाहीत. त्यांचा उपयोग येथे आहे आणि त्यांची मर्यादाही येथेच आहे.

कर्करोगाची भीती कितपत खरी?

या पदार्थांविषयी समाजात दोन टोकाची मते आढळतात. काही जण त्यांना विष मानतात, तर काही जण औषध. दोन्ही मते तपासून घेतली पाहिजेत.

सॅकरीनमुळे उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्याचे आढळल्यावर १९७७ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला होता. पुढे असे दिसून आले की, उंदरांमध्ये ज्या प्रक्रियेने त्या गाठी होतात ती माणसाला लागू पडत नाही. २००० मध्ये तेथील कर्ककारक पदार्थांच्या यादीतून सॅकरीन वगळण्यात आले. अ‍ॅस्पार्टेमबद्दल जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता असू शकते’ अशा गटात त्याचा समावेश केला. ही बातमी वाचून पुष्कळांना धक्का बसला. परंतु या वर्गवारीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पुरावा किती भक्कम आहे, एवढेच ती सांगते. धोका किती मोठा आहे, हे ती सांगत नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. अ‍ॅस्पार्टेमबाबतचा पुरावा मर्यादित आहे, असेच त्या संस्थेने म्हटले.

त्याच वेळी अन्नातील मिश्रणद्रव्यांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने अ‍ॅस्पार्टेमची पूर्वीची मर्यादा कायम ठेवली. ती मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ४० मिलिग्रॅम अशी आहे. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असल्यास ७० किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा ओलांडण्यासाठी दिवसाला ९ ते १४ पेक्षा अधिक डबे प्यावे लागतील. प्रसंगोपात्त एखादी बाटली पिणाऱ्या प्रौढाने कर्करोगाच्या धास्तीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. मात्र हाच हिशेब २० किलो वजनाच्या मुलासाठी मांडला, तर मर्यादा तीन-चार डब्यांवर येते. एकच पदार्थ मोठ्याला आणि लहानाला सारखा नसतो, हे या साध्या त्रैराशिकावरून स्पष्ट होईल. शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर अवश्य मांडावे.

मग फायदा किती?

विष नाही म्हणजे औषध आहे, असे मात्र नव्हे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली. वजन ताब्यात ठेवण्यासाठी किंवा मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार टाळण्यासाठी बिनसाखरेच्या गोड पदार्थांवर विसंबू नये, असा तिचा आशय आहे. थोड्या मुदतीच्या प्रयोगांत वजन किंचित कमी झाल्याचे दिसते. परंतु दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांत असे पदार्थ नित्य घेणाऱ्यांमध्ये मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाण कमी न आढळता अधिक आढळले. यावरून या पदार्थांनीच आजार झाला असे सिद्ध होत नाही. ज्यांचे वजन आधीच वाढलेले आहे तेच लोक अशी पेये अधिक घेतात, हेही त्याचे एक कारण असू शकते. म्हणूनच संघटनेने ही सूचना सशर्त ठेवली आहे.

इस्राएलमधील संशोधकांनी २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सॅकरीन व सुक्रालोज घेतलेल्या गटांत ग्लुकोज पचविण्याची शरीराची क्षमता काही प्रमाणात बिघडली आणि आतड्यांतील सूक्ष्म जीवांतही बदल झाले. सर्वांना सारखाच परिणाम जाणवला नाही. तात्पर्य, हे पदार्थ शरीरातून नुसते येऊन जातात, त्यांचा कशावरच परिणाम होत नाही, ही पूर्वीची समजूत आता तितकीशी पक्की राहिलेली नाही.

याखेरीज दोन गोष्टी कोणत्याही वादाविना सांगता येतात. पहिली दातांविषयी. साखर नसली तरी पेयातील आम्ल असतेच. कोलात फॉस्फरिक आम्ल आणि इतर पेयांत बहुधा सायट्रिक आम्ल असते. वारंवार घोट घेत राहिल्याने दातांवरील कवच झिजते. दुसरी गोष्ट मनाची. बाटलीत साखर वाचली म्हणून पंगतीत दोन जिलेब्या अधिक घेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जिभेची गोडीची सवय कमी होत नाही. तिला फक्त दुसरे खाद्य मिळते.

मधुमेही रुग्णांनी काय समजावे?

जागतिक आरोग्य संघटनेची वरील सूचना ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नाही, हे मुद्दाम नमूद करतो. अशा रुग्णाला साखरेची बाटली आणि बिनसाखरेची बाटली यांपैकीच एक निवडायची असेल, तर दुसरी निश्चितच कमी अपायकारक आहे. तिच्यामुळे रक्तातील साखर साखरेच्या बाटलीप्रमाणे झपाट्याने वाढत नाही. म्हणून समारंभात एखादे वेळी ती घेतल्यास बिघडत नाही. परंतु ती रोजची तहान भागविण्याचे साधन होऊ नये. पाणी, किंवा बेताच्या मिठाचे पातळ ताक, हे तिच्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठ आणि स्वस्त आहे.

साखरच हवी असते तेव्हा

आता मी आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. ‘साखर नाही’ हा गुण दोन प्रसंगी मोठा दोष ठरतो.

पहिला प्रसंग असा. समजा, इन्सुलिन किंवा गोळ्या घेणारे एखादे गृहस्थ सकाळी औषध घेऊन, न्याहारी न करता ग्रामसभेस आले. सभा लांबली. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रक्तातील साखर एकदम उतरल्याची ही लक्षणे आहेत. शेजारी बसलेल्या माणसाला एवढेच ठाऊक असते की यांना मधुमेह आहे, यांना साखर चालत नाही. तो धावत जाऊन मोठ्या काळजीने बिनसाखरेची बाटली आणतो. ती रिकामी झाली तरी रुग्णाच्या रक्तात साखरेचा कणही जात नाही, आणि मोलाची मिनिटे मात्र वाया जातात. साखर अशीच उतरत राहिली तर रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो, त्याच्या मेंदूस व जिवास धोका पोहोचू शकतो. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावे. पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा द्यावे, आणि त्यानंतर काही खावयास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ दवाखान्यात न्यावे. मधुमेह्याला जन्मभर वर्ज्य वाटणारी साखर त्या क्षणी त्याचे औषध असते.

दुसरा प्रसंग हगवण व उन्हाच्या तडाख्याचा. जुलाबांनी किंवा अतिघामाने शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. आतड्यात ग्लुकोज असले की त्याच्या सोबतीने मीठ आणि पाणी रक्तात सुलभतेने शोषले जाते. जलसंजीवनीचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. बिनसाखरेच्या शीतपेयात ग्लुकोज नसते आणि पुरेसे मीठही नसते. म्हणून जुलाब होणाऱ्या मुलाला ते देणे निरुपयोगी आहे. साखरेचे शीतपेयही योग्य नाही, कारण त्यात साखर गरजेपेक्षा फार जास्त असते व त्यामुळे जुलाब वाढू शकतात. आरोग्य केंद्रातून मिळणारी जलसंजीवनीची पुडी वापरावी. ती हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्रावण करावे. मधुमेही रुग्णाला जुलाब झाल्यासही डॉक्टरांच्या सल्ल्याने जलसंजीवनी द्यावीच लागते. ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरविणाऱ्या गोड पेयांबाबतही सावध राहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

मुलांसाठी नव्हे

मुलांना या पेयांची काहीच गरज नाही. लहानपणी जिभेला जी सवय लागते ती पुढे जन्मभर साथ करते. अतिशय गोड चवीला सरावलेल्या मुलाला दूध, फळे आणि साधे पाणी बेचव लागू लागते. कोला पेयात कॅफीनही असते. शिवाय फेनिलकीटोनुरिया नावाच्या दुर्मीळ जन्मजात विकारात अ‍ॅस्पार्टेममधून निघणारे फेनिलअ‍ॅलनीन शरीराला पेलत नाही. म्हणून अशा रुग्णांसाठीचा इशारा अ‍ॅस्पार्टेम असलेल्या बाटलीवर छापलेला असतो.

राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत आरोग्यास अपायकारक खाद्यपदार्थांच्या विक्रीस मनाई केली. केंद्रीय प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेत व शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत निषिद्ध ठरविली आहे. बिनसाखरेची बाटली या नियमाच्या शब्दांतून कदाचित निसटेल. त्याच्या हेतूतून ती निसटू नये, याची काळजी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी घ्यावयाची आहे. कर आकारणीतही शासनाने या दोन प्रकारांत भेद केलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरेच्या व बिनसाखरेच्या वायुमिश्रित पेयांवर सारखाच ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे.

आपल्या हातून काय होण्यासारखे आहे?

पहिले काम लेबल वाचण्याचे. घटकांच्या यादीत ९५० हा अंक असल्यास अ‍ॅसिसल्फेम, ९५१ असल्यास अ‍ॅस्पार्टेम, ९५४ असल्यास सॅकरीन आणि ९५५ असल्यास सुक्रालोज आहे असे समजावे. काही पेयांत साखर आणि असा पदार्थ दोन्ही असतात. सातवीच्या विद्यार्थ्याला हे चार अंक सहज पाठ होतील, आणि तो ते घरी जाऊन वडीलधाऱ्यांना शिकवील. सुट्या रंगीत सरबतांवर व बर्फाच्या कांड्यांवर तर लेबलही नसते. तेथे गोडी कशाची आहे हे कळत नाही, म्हणून मुलांना त्यांपासून दूर ठेवणेच बरे.

दुसरे काम पाण्याचे. जेथे पिण्याचे स्वच्छ, थंड पाणी हाताशी नाही, तेथे बाटली खपणारच. आषाढी वारीच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यातील गावे लक्षावधी वारकऱ्यांना पाणी पाजतात. हीच वृत्ती वर्षभर, आठवड्याच्या बाजारात आणि एस. टी. थांब्यावर दिसली पाहिजे. उन्हाळ्यातील पाणपोई ही ग्रामपंचायतीची छोटीशी, पण खरी आरोग्य योजना आहे. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण करून देणारी घंटा सुरू केली. आपल्या शाळांतही तशी घंटा वाजविण्यास काही खर्च येत नाही.

तिसरे काम समारंभांतील रूढीचे. मंगळवेढ्याची ज्वारी आज भौगोलिक मानांकनाने गौरविलेली आहे. त्या ज्वारीची आंबील आणि ताक पाहुण्यांसमोर ठेवण्यात कमीपणा कसला? आंबिलीतही पिष्ट असते, तेव्हा मधुमेह्यांनी ती बेतानेच घ्यावी. मात्र ती अन्न आहे. बाटली नुसती चव आहे. ग्रामपंचायतीच्या बैठकीत बाटल्यांऐवजी ताक देण्याचा पायंडा सदस्यांनी स्वतः पाडला, तर गावाला निराळा उपदेश करावा लागणार नाही.

आणि चौथे काम आजच करण्यासारखे आहे. प्रत्येक शाळेत, प्रत्येक ग्रामपंचायत कार्यालयात एका डबीत साखर किंवा ग्लुकोज आणि दोन पुड्या जलसंजीवनी ठेवावी. ती कोठे ठेवली आहे हे शिपायापासून सरपंचापर्यंत सर्वांना ठाऊक असावे. या तयारीला पाच-पन्नास रुपयांपेक्षा अधिक खर्च नाही.

मित्रहो, बाटलीवरील ‘साखर नाही’ हे शब्द खोटे नाहीत. परंतु ते अर्धेच उत्तर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आपण प्रश्न विचारला पाहिजे: ही बाटली कोणाच्या हातात जाते आहे? प्रसंगी घेणाऱ्या मधुमेह्याच्या, पाठीवर दप्तर असलेल्या मुलाच्या, की घामाने डबडबून कोसळू पाहणाऱ्या माणसाच्या? पहिल्याला ती एखादे वेळी चालेल, दुसऱ्याला ती नको, आणि तिसऱ्याला तिच्याऐवजी साखर आणि पाणी हवे. एवढा विवेक आपण प्रत्येकाने आपल्या गावी नेला, तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.